पावसाळ्यात पी३एचटी ट्रान्झिस्टर बंदच होत नाही: दोष कुठे शोधावा

बडोद्यात जूनअखेरीस पाऊस स्थिरावला की आमच्या छोट्या प्रयोगशाळेतील पॉलिमर ट्रान्झिस्टरांना दर वर्षी एकच आजार जडत असे. फेब्रुवारीत ज्या कृतीने बनवलेला ट्रान्झिस्टर चालू आणि बंद अवस्थांत दहा हजार पटींचा फरक दाखवी, त्याच कृतीने, त्याच बाटलीतील पॉलिमरपासून आणि त्याच हातांनी जुलैमध्ये बनवलेला ट्रान्झिस्टर जेमतेम पन्नास-शंभर पटींवर अडकून राही. चालू अवस्थेतील प्रवाह जवळजवळ तेवढाच असे. बंद अवस्थेतील प्रवाह मात्र वर चढलेला असे आणि गेटवर, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणाऱ्या टोकावर, कितीही धन व्होल्टेज दिले तरी खाली उतरत नसे. ‘हवा दमट आहे, दसऱ्यानंतर पाहू’ हे उत्तर आम्ही स्वतःला तीन पावसाळे दिले. ते उत्तर सर्वस्वी चुकीचे नव्हते, आणि म्हणूनच ते इतके दिवस खपले. दमट हवा ट्रान्झिस्टरात एकाच वाटेने शिरत नाही, प्रत्येक वाटेवरचा उपाय वेगळा असतो, आणि आमच्या दोषाचा एक मोठा भाग तर पावसाचा नव्हताच, हे कळायला चौथा पावसाळा उजाडावा लागला.

आमची रचना नेहमीचीच आहे. जोरदार डोपिंग केलेला, म्हणजे परके अणू मिसळून वाहक बनवलेला, सिलिकॉन वेफर (पातळ चकती) हाच गेट. त्यावर ३०० नॅनोमीटर जाडीचा औष्णिक सिलिकॉन डायऑक्साइड. ऑक्साइडवर सिलेनचा, म्हणजे पृष्ठभागाला चिकटणाऱ्या सिलिकॉनयुक्त रेणूंचा, एका रेणूच्या जाडीचा थर. त्यावर रीजिओरेग्युलर (बाजूच्या साखळ्या नियमित मांडलेल्या) पी३एचटीच्या, म्हणजे पॉली(३-हेक्झिलथायोफीन) या अर्धवाहक पॉलिमरच्या, मिलिलिटरला सुमारे १० मिलिग्रॅम या प्रमाणाच्या द्रावणाचे स्पिन कोटिंग करून (तुकडा वेगाने फिरवून द्रावण पसरवून) मिळालेली अंदाजे ४० नॅनोमीटरची फिल्म. आणि सर्वांत वर, मास्कमधून निर्वातात चढवलेले सोन्याचे सोर्स आणि ड्रेन, म्हणजे प्रवाह ज्यांच्या दरम्यान वाहतो ती दोन टोके. त्यांच्यामधील वाटेची, म्हणजे चॅनेलची, लांबी ५० आणि रुंदी १००० मायक्रॉन. या जाडीच्या ऑक्साइडची धारिता चौरस सेंटिमीटरला सुमारे ११.५ नॅनोफॅरड भरते. पुढची आकडेमोड याच मापांवर केलेली आहे. आपली मापे वेगळी असतील तर गुणोत्तरे त्याप्रमाणे बदलून घ्यावीत.

सर्वांत आधी करायची, पण आम्ही सर्वांत शेवटी केलेली गोष्ट म्हणजे रिकामे मोजमाप. नमुना प्रोब स्टेशनवर ठेवावा, प्रोबच्या सुया त्याच्यापासून अर्धा मिलिमीटर वर उचलाव्यात आणि जणू ट्रान्झिस्टर जोडलेलाच आहे अशा थाटात गेटचे व्होल्टेज पूर्ण पल्ल्यात फिरवावे. सुया हवेत असताना वाहणारा प्रवाह पॉलिमरचा असूच शकत नाही. जुलैतल्या एका सकाळी आम्हाला असे सुमारे दोन नॅनोअँपियर दिसले, आणि मार्चमध्ये तोच आकडा मोजणाऱ्या यंत्राच्या तळाशी, पिकोअँपियरमध्ये, होता. जोडण्यांमधील विद्युतरोधक भागांवर साचलेली धूळ आणि तिच्यावर बसलेला ओलावा यांतून हा प्रवाह झिरपत होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जोडण्या पुसल्या, साध्या कोॲक्शियल केबलऐवजी गार्ड असलेली ट्रायॲक्शियल केबल लावली, आणि तो भाग संपला. दोन नॅनोअँपियर ही काही मोठी रक्कम नव्हे; परंतु चालू प्रवाह चार मायक्रोअँपियर असताना ती एकटीच चालू-बंद प्रवाहांच्या गुणोत्तराला दोन हजारांवर रोखून धरते, आणि मग माणूस पॉलिमरला दोष देत बसतो.

त्यानंतर पाहायचा तो गेटचा प्रवाह. ड्रेनच्या प्रवाहाचा आलेख काढताना गेटच्या प्रवाहाचा स्तंभ बहुतेक जण नोंदवतात आणि बहुतेक जण उघडून पाहत नाहीत; आम्हीही त्यांतलेच होतो. गेटमधून गळती होत असेल तर तिची खूण आउटपुट आलेखात (गेटच्या वेगवेगळ्या व्होल्टेजना ड्रेनचे व्होल्टेज आणि प्रवाह दाखवणाऱ्या रेषांत) सहज ओळखता येते: ड्रेनचे व्होल्टेज शून्य असताना सगळ्या रेषा एकाच बिंदूतून जायला हव्यात, त्याऐवजी त्या पंख्याच्या काड्यांसारख्या फाकलेल्या दिसतात. आमच्या जुन्या फाइली उघडून पाहिल्या तेव्हा हा पंखा जुलैच्या आलेखांत ठळक होता, आणि जरा डोळे बारीक करून पाहिले तर मार्चच्या आलेखांतही होता.

ऑक्साइड फुटला असावा अशी पहिली शंका आली. पण गेटवर अधिक २० आणि ड्रेनवर उणे ६० व्होल्ट असताना ऑक्साइडवर एकूण ८० व्होल्ट पडतात, म्हणजे सेंटिमीटरला साधारण २.७ मेगाव्होल्ट. चांगला औष्णिक ऑक्साइड सेंटिमीटरला सुमारे १० मेगाव्होल्टपर्यंत टिकतो. सुईने जोर देऊन ऑक्साइडला भोक पाडले तर गोष्ट वेगळी, आणि टंगस्टनच्या कडक सुईने ते सहज पडते. ते टाळण्यासाठी आम्ही सुईच्या टोकाला सोन्याची बारीक तार वाकवून लावली. तरीही पंखा पुरता मिटला नाही.

खरे कारण वेफरच्या कडेला होते. हिऱ्याच्या लेखणीने चरा पाडून वेफरचे तुकडे करतो तेव्हा तुटलेल्या कडेवर ऑक्साइड नसतो. तिथे उघडा सिलिकॉन, म्हणजे प्रत्यक्ष गेटच, असतो. स्पिन कोटिंगमध्ये द्रावण कडेपर्यंत पसरते आणि कडेवरून थोडे खालीही उतरते. म्हणजे ड्रेनपासून फिल्ममधून कडेपर्यंत आणि कडेवरून थेट गेटमध्ये अशी एक अखंड वाट तयार होते. उन्हाळ्यात फिल्म कोरडी आणि कमी वाहक असते, म्हणून या वाटेने थोडेच जाते. पावसाळ्यात फिल्मची वाहकता वाढते आणि तीच वाट वाहती होते. गळती बारमाही होती, पाऊस तिला फक्त उघडे पाडत होता. उपाय हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे: हॉटेलात बडीशेपेच्या वाटीशेजारी ठेवतात तसली लाकडी टूथपिक घ्यावी, टोक पॉलिमर विरघळवणाऱ्या क्लोरोबेन्झिनमध्ये बुडवावे आणि प्रत्येक ट्रान्झिस्टरभोवती फिल्ममध्ये पूर्ण चौकट कोरून त्याला बेटासारखा वेगळा करावा, कडेचा दोन-तीन मिलिमीटरचा पट्टाही पुसून टाकावा. त्याच तुकड्यावर, कोरण्यापूर्वी आणि कोरल्यानंतर, गेटचा प्रवाह तीनशेव्या हिश्शावर आला. चॅनेलला वळसा घालून बाजूच्या फिल्ममधून सोर्सकडून ड्रेनकडे जाणारा प्रवाहही याच चौकटीमुळे थांबतो, हा आणखी एक फायदा. ज्यांच्याकडे ऑक्सिजन प्लाझ्मा आणि मास्क आहे त्यांनी ते वापरावेत. टूथपिकला निधी लागत नाही.

एवढे करूनही गुणोत्तर हजाराच्या आसपासच थांबले. उरलेला प्रवाह मात्र आता खरोखर पॉलिमरचा होता आणि त्याची चौकशी करण्यात अर्थ होता.

इथे एक भेद आधी करून घ्यावा. गेटवर शून्य व्होल्ट असताना ट्रान्झिस्टर चालू असतो, पण अधिक ३० व्होल्ट दिल्यावर नीट बंद होतो, अशी स्थिती असेल तर थ्रेशोल्ड व्होल्टेज, म्हणजे ट्रान्झिस्टर जिथे चालू होऊ लागतो ते गेटचे व्होल्टेज, धन बाजूला सरकले आहे. दोष बहुधा फिल्म आणि ऑक्साइड यांच्या सीमेवर आहे. कोणत्याही व्होल्टेजला बंद होतच नसेल तर प्रवाह फिल्मच्या संपूर्ण जाडीतून वाहतो आहे आणि गेटचा अंमल तिथवर पोहोचत नाही. दोन्ही तक्रारी बोलताना आपण ‘बंद होत नाही’ याच शब्दांत सांगतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

जाडीतून वाहणाऱ्या प्रवाहाचा हिशेब सोपा आहे: वाहकता, जाडी, रुंदी-लांबीचे गुणोत्तर आणि ड्रेनचे व्होल्टेज यांचा गुणाकार. फिल्मची वाहकता सेंटिमीटरला एक मायक्रोसीमेन्स धरली तर ४० नॅनोमीटर जाडी, २० हे गुणोत्तर आणि ६० व्होल्ट यांतून सुमारे पाच नॅनोअँपियर येतात. मोबिलिटी, म्हणजे फिल्ममध्ये प्रभार किती सहज सरकतो याचे माप, ०.०१ चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद धरल्यास चालू प्रवाह चार मायक्रोअँपियरच्या आसपास असतो. म्हणजे गुणोत्तर आठशेच्या घरात. वाहकता शंभरपट वाढली की हेच गुणोत्तर आठ ते नऊवर येते. मोबिलिटी तीच, माणूस तोच, आणि ट्रान्झिस्टरचा झाला रोधक. फिल्म अर्धी पातळ केली तर बंद प्रवाह अर्धा होतो आणि चालू प्रवाहाला फारसा धक्का लागत नाही, कारण चालू प्रवाह ऑक्साइडलगतच्या काही नॅनोमीटरांतूनच वाहतो. म्हणून आम्ही द्रावण मिलिलिटरला ५ मिलिग्रॅमवर आणले. जाड फिल्म चांगली दिसते, जांभळी चमकते, आणि ट्रान्झिस्टरसाठी निरुपयोगी असते.

वाहकता का वाढते, याचे उत्तर पी३एचटीच्या घडणीत आहे. त्याच्यातील सर्वोच्च व्याप्त ऊर्जापातळी निर्वाताच्या खाली सुमारे ५ इलेक्ट्रॉनव्होल्ट, किंबहुना त्याहून थोडी वरच, आहे. त्यामुळे ऑक्सिजन त्याच्यातील इलेक्ट्रॉन ओढून घेऊ शकतो आणि मागे धन प्रभार सोडतो. हे डोपिंग बऱ्याच अंशी परत फिरवता येते. बेल प्रयोगशाळेतील झेनान बाओ आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्येच नोंदवले होते की फिल्म नायट्रोजनमध्ये १०० अंश सेल्सियसपर्यंत तापवली तर मोबिलिटी न घटता चालू-बंद गुणोत्तर वाढते. आम्ही १२० अंशांवर पाऊण तास तापवतो. यातील सर्वांत मोठी चूक तापवण्यात होत नाही, गार करण्यात होते: गरम नमुना चिमट्याने उचलून बाहेरच्या दमट हवेत ठेवला की काही मिनिटांत केलेले काम वाया जाते. नमुना खोलीच्या तापमानाला येईपर्यंत नायट्रोजनमध्येच राहिला पाहिजे. आमच्याकडे ग्लोव्ह बॉक्स (हातमोज्यांतून काम करायची हवाबंद पेटी) नाही. मकरपुऱ्यातील एका कारागिराकडून बनवून घेतलेली ॲक्रिलिकची पेटी, तिच्यात सोडलेली नायट्रोजनची धार आणि तळाशी पसरलेले निळे सिलिका जेल एवढ्यावर आमचे भागते. जेल गुलाबी झाले की काम थांबवून ते ओव्हनमध्ये वाळवायचे, हा नियम मात्र पाळावा लागतो. ‘चालशे’ ही आपल्या शहराची लाडकी वृत्ती या एका बाबतीत चालत नाही.

ही चाचणी उपायापुरती नाही, निदानासाठीही वापरावी. तापवल्यावर बंद प्रवाह दहापट किंवा अधिक उतरला तर हवेतील डोपिंग होते. उतरलाच नाही तर दोषी दुसराच आहे, आणि आमच्या अनुभवात तो बहुधा विद्रावकात सापडतो. क्लोरोफॉर्म उजेडात आणि हवेत राहिला की त्याचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड आणि विषारी फॉस्जीन तयार होतात. म्हणूनच त्यात इथेनॉल किंवा अमिलीन हे स्थिरक घातलेले असते. सहा महिने उघड-मीट झालेल्या बाटलीतील क्लोरोफॉर्ममध्ये आम्लाचा अंश असतो आणि आम्ल पी३एचटीला डोप करते. ओल्या लिटमसने बाटलीच्या तोंडाशी तपासावे, पण वाफा ओढून घेणाऱ्या हुडमध्येच. दुसरा दोषी संश्लेषणातून मागे राहिलेला धातू. लोहाच्या क्लोराइडने बनवलेल्या पॉलिमरात लोह राहते, निकेलच्या उत्प्रेरकाने बनवलेल्यात निकेल. सॉक्सलेटमध्ये (विद्रावकाने पुन्हा पुन्हा धुणाऱ्या काचेच्या उपकरणात) आधी मेथॅनॉल, मग हेक्झेन आणि शेवटी क्लोरोफॉर्म या क्रमाने धुऊन घेतलेला पॉलिमर वापरला तर हा प्रश्न पुष्कळ कमी होतो.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा आमच्याकडे न ठरवता एक प्रयोग घडला. वीज गेली, रस्ते बंद झाले, सिलिंडर संपला तरी बदलायला कोणी नव्हते आणि पेटीतील नायट्रोजन थांबला. एकाच दिवशी बनवलेले आठ नमुने त्यात होते. चार ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळलेले आणि चार खिडकीकडे तोंड करून उघडे. तिसऱ्या दिवशी मोजले तेव्हा आठही सारखेच बिघडलेले दिसले. सगळे १२० अंशांवर तापवले. फॉइलमधले चारही जवळजवळ पूर्ववत झाले. खिडकीकडच्या चौघांचा बंद प्रवाह उतरला, पण चालू प्रवाहही निम्म्याहून खाली आला आणि पुन्हा चढला नाही. ऑक्सिजन एकटा असेल तर तो पाहुणा असतो. ऑक्सिजन आणि उजेड एकत्र आले की साखळीतील दुहेरी बंधांची सलग मांडणी तुटते, आणि ती कोणत्याही ओव्हनमध्ये सांधत नाही. पी३एचटी दृश्य प्रकाशच शोषतो, त्यामुळे खोलीतील ट्यूबलाइटही निरुपद्रवी नाही. तेव्हापासून द्रावणाची बाटली, फिल्म आणि तयार नमुना या तिन्हींना फॉइल गुंडाळले जाते.

आता सीमेवरचा दोष, म्हणजे सरकलेले थ्रेशोल्ड आणि गेटचे व्होल्टेज चढवताना-उतरवताना, जाता-येता, वेगळ्या वाटेने जाणारा आलेख. उघड्या ऑक्साइडवर सिलॅनॉल गट (सिलिकॉनला जोडलेले ओएच) असतात, त्यांच्यावर पाण्याचे रेणू बसतात आणि प्रभार तिथे अडकतो. तो टाळण्यासाठीच सिलेनचा थर देतात. आम्ही ओटीएस, म्हणजे ऑक्टाडेसिलट्रायक्लोरोसिलेन, वापरत होतो. त्याच्या सिलिकॉनला तीन क्लोरीन असतात. पृष्ठभागाशी बंध जोडायला पाण्याचा किंचित अंश लागतो, पण जास्त पाणी मिळाले की रेणू पृष्ठभागावर बसण्याऐवजी एकमेकांशीच जोडले जातात आणि पांढरे कण बनून वेफरवर पडतात. पावसाळ्यात बडोद्यात ओटीएसची बाटली पाच वेळा उघडली की सहाव्या वेळी तिच्या झाकणाशी पांढरी पूड दिसतेच.

इथे आम्ही एका मोजमापाने फसलो, म्हणून ते सविस्तर सांगतो. थर नीट बसला की नाही हे पाहण्यासाठी पाण्याचा थेंब ठेवून संपर्ककोन मोजतात. मोबाइलला मॅक्रो भिंग लावून बाजूने फोटो घेतला तरी दोन-तीन अंशांच्या फरकाने तो मिळतो. ओटीएसचा चांगला थर १०५ ते ११० अंश देतो. आमचा जुलैतला थर ११४ देत होता आणि आम्ही खूश होतो. प्रत्यक्षात खडबडीत जलविरोधी पृष्ठभाग सपाट पृष्ठभागापेक्षा जास्तच कोन दाखवतो; कणांनी भरलेला वाईट थर चांगल्यापेक्षा चांगले गुण मिळवतो. काळ्या पार्श्वभूमीवर कण उजळ दाखवणाऱ्या डार्क-फील्ड सूक्ष्मदर्शकाखाली तोच तुकडा चांदण्यांनी भरलेल्या आकाशासारखा दिसला. तेव्हा कोन मोजावा, पण ११० च्या वर गेला तर आनंद मानू नये, सूक्ष्मदर्शक घ्यावा. शिवाय ओटीएसच्या प्रक्रियेत हायड्रोजन क्लोराइड सुटतो, म्हणून नंतर टोल्युईनमध्ये अल्ट्रासोनिक धुणे वगळू नये.

आता जून ते सप्टेंबर आम्ही ओटीएस कपाटात ठेवतो आणि एचएमडीएस वापरतो. हेक्झामिथिलडायसिलॅझेनच्या प्रत्येक सिलिकॉनला जोडणीची एकच जागा असल्याने त्याची साखळी किंवा जाळे बनू शकत नाही. ओलाव्याने थोडे वाया जाते, पण कण पडत नाहीत. संपर्ककोन नव्वदच्या आसपास किंवा थोडा कमी येतो आणि मोबिलिटी चांगल्या ओटीएसपेक्षा कमी मिळते, हे खरे. पण पावसाळ्यातील प्रत्यक्ष ओटीएसपेक्षा ती अधिक मिळते, आणि क्लोरोबेन्झिनचे द्रावण एचएमडीएसवर पसरते तरी. ओटीएसवर ते अळूच्या पानावरच्या पाण्यासारखे घरंगळून जाई आणि आम्ही तुकड्यामागून तुकडा फुकट घालवत असू.

द्रावणाविषयी थोडक्यात. क्लोरोफॉर्म ६१ अंशांवर उकळतो आणि स्पिन कोटरवर इतक्या झपाट्याने उडतो की पृष्ठभाग गार पडतो. हवेत आर्द्रता जास्त असेल तर त्या गार पृष्ठभागावर दवाचे सूक्ष्म थेंब जमतात आणि ते वाळल्यावर फिल्ममध्ये भोके उरतात. फिल्म धुरकट दिसली तर हेच झाले असे समजावे. १३२ अंशांवर उकळणारा क्लोरोबेन्झिन घेतला की हा त्रास जवळजवळ संपतो. द्रावण रात्रभर ठेवल्यावर घट्ट किंवा जांभळट झाले असेल तर ५०–६० अंशांवर ढवळून पुन्हा नारिंगी होईपर्यंत थांबावे, ०.४५ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून गाळावे आणि कोमट असतानाच वापरावे.

एक सावधगिरी निकाल लिहिताना बाळगावी. डोपिंग झालेल्या फिल्ममध्ये प्रभार अडकवणाऱ्या जागा आधीच भरलेल्या असतात, त्यामुळे बिघडलेला ट्रान्झिस्टर कधी कधी मोबिलिटी थोडी जास्तच दाखवतो. आमच्या एका विद्यार्थिनीने दोन वर्षांपूर्वी जुलैतील सर्वोत्तम मोबिलिटी आनंदाने आणून दाखवली होती. त्याच आलेखात गुणोत्तर ३० होते. मोबिलिटी, थ्रेशोल्ड, गुणोत्तर आणि गेटचा प्रवाह हे चारही आकडे एकाच ओळीत लिहायची सक्ती आम्ही त्यानंतर केली, आणि शेजारी त्या दिवशीची खोलीतील आर्द्रताही.

या सगळ्यानंतर मागच्या जुलैमध्ये आमचे गुणोत्तर सहा ते नऊ हजारांच्या दरम्यान राहिले. मार्चच्या बरोबरीचे ते अजूनही नाही. जाता-येताचा फरक ४ व्होल्टच्या खाली आणता आलेला नाही, आणि तो एचएमडीएसखाली उरलेल्या सिलॅनॉलचा आहे असा माझा अंदाज आहे. या पावसाळ्यात ऑक्साइडवर पॉलिस्टायरीनचा पातळ थर देऊन, आणि तो विरघळू नये म्हणून त्याला आधी क्रॉसलिंक करून (त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडून), आम्ही तोच एक बदल तपासणार आहोत, बाकी सारे जसेच्या तसे ठेवून.